अक्रोडाचे इंग्रजी कपाट : अस्सल किती, बदललेले किती?

जुन्या लाकडी सामानाच्या दुकानात पाऊल ठेवताच गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, "माल ओरिजिनल आहे ना?" दुकानदारही सवयीने सांगून टाकतो, "शंभर टक्के!" खरे पाहता त्या शब्दाचा नेमका अर्थ काय, याचा विचार दोघांपैकी कोणीच केलेला नसतो. तीनशे वर्षे घरात वापरलेल्या कपाटाचे पाय तेच, कड्या त्याच, कुलूप तेच आणि पॉलिशही तेच, असे क्वचितच आढळते. मग अशा कपाटाला अस्सल म्हणायचे की नाही? आणि नसेल, तर ते विकणारा खोटे बोलतो असे म्हणायचे का?

या प्रश्नाचा फार बारकाईने विचार झाला आहे तो इंग्लंडमधील अक्रोडाच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात. तिथे एका कपाटाच्या पायावरून आणि कडीच्या भोकावरून मालाचा भाव वर-खाली होतो. तो माल आपल्याकडे फारसा येत नाही. परंतु लाकूड, करवत, सरस आणि पॉलिश यांचे नियम सगळीकडे सारखेच आहेत. म्हणूनच आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना ही माहिती उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते.

अक्रोडाचा जमाना

इंग्लंडमध्ये पूर्वी घरातले सामान मुख्यतः ओकच्या लाकडाचे असे. जाड चौकटी, त्यांत बसवलेली फळी, असे भक्कम पण जड काम. १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स परदेशातील अज्ञातवास संपवून गादीवर आला आणि त्याच्या दरबाराबरोबर फ्रान्स-हॉलंडकडची आवडनिवडही लंडनला आली. १६६६ च्या आगीत लंडन शहराचा मोठा भाग जळाला. हजारो घरे नव्याने बांधावी लागली आणि नव्या घरांना नवे सामान लागले. पुढे १६८५ मध्ये फ्रान्समधील प्रॉटेस्टंट लोकांचे संरक्षण काढून घेतले गेले, तेव्हा तिथले कितीतरी कसबी कारागीर पळून इंग्लंडला आले. या सगळ्यांतून कॅबिनेटमेकर हा नवा पेशा तिथे रुजला आणि त्याच्या आवडीचे लाकूड होते अक्रोड.

विल्यम आणि मेरी, त्यानंतर राणी ॲन (१७०२ ते १७१४) आणि पहिला जॉर्ज (१७१४ ते १७२७) या राज्यकर्त्यांच्या काळात अक्रोडाची चलती होती. पर्सी मॅकॉइड या अभ्यासकाने इंग्रजी फर्निचरचा इतिहास लिहिताना १९०५ च्या खंडाला 'अक्रोडाचे युग' हेच नाव दिले. ते नाव बाजारात आजही चालते.

हा जमाना फार टिकला नाही. १७०९ च्या कडाक्याच्या थंडीत फ्रान्समधील अक्रोडाची असंख्य झाडे मेली. १७२१ च्या कायद्याने अमेरिकेतील इंग्रज वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठली आणि महोगनी स्वस्तात येऊ लागली. महोगनीच्या फळ्या रुंद, लाकूड मजबूत, शिवाय कीड सहसा लागत नाही. साधारण १७४० पर्यंत श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून अक्रोड मागे पडले. जे सामान कालपर्यंत दर्शनी खोलीत होते, ते नोकरांच्या खोलीत, माळ्यावर नाहीतर खेड्यातल्या घरी गेले. तिथे त्याची कोणी फारशी पर्वा केली नाही. पाय मोडला तर जो सुतार मिळेल त्याने तो बसवला. आज दिसणाऱ्या बदलांची सुरुवात येथून होते.

वरून अक्रोड, आतून दुसरेच

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अक्रोडाचे इंग्रजी कपाट म्हणजे सगळे कपाट अक्रोडाचे नव्हे. आतला सांगाडा बहुधा पाइनचा किंवा ओकचा असतो, खणांच्या बाजू आणि तळ चांगल्या कामात ओकचे असतात. अक्रोड असते ते फक्त दर्शनी भागावर, पातळ व्हिनिअरच्या रूपात. हे व्हिनिअर लावणे म्हणजे त्या काळी फसवणूक नव्हती, उलट ती उंची कारागिरी होती. झाडाच्या बुंध्यावर येणाऱ्या गाठीच्या लाकडात सुंदर डोळे आणि वळणे असतात, पण ते लाकूड कमजोर असल्याने त्याची फळी टिकत नाही. म्हणून त्याचे पातळ पापुद्रे काढून ते सरसाने चिकटवीत. एकाच ठोकळ्यातले लागोपाठचे चार पापुद्रे उलटसुलट मांडून त्यांची नक्षी जुळवीत. फांदीचे आडवे काप काढून केलेल्या कामाला, काप शिंपल्यासारखे दिसतात म्हणून, 'ऑयस्टर' म्हणतात. खणाच्या कडेने पिसासारखी दिसणारी तिरकस रेघांची पट्टी बसवीत.

हे पापुद्रे हाताच्या करवतीने कापलेले असत. त्यामुळे त्यांची जाडी दीड ते तीन मिलिमीटरपर्यंत भरते, आणि ती सगळीकडे सारखी नसते. आज यंत्राच्या पात्याने सोललेले व्हिनिअर एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचे आणि एकसारखे असते. खणाच्या वरच्या कडेला नजर टाकली की हा फरक डोळ्यांनी दिसतो. जुन्या मालाची परीक्षा इथूनच सुरू होते.

बदल का होतात?

बदलांची कारणे तीन. पहिले कारण झीज. इंग्लंडची ओली हवा, धुतलेल्या फरश्या आणि लाकूड पोखरणारा किडा. अक्रोडाला ही कीड विशेष लागते. दुसरे कारण फॅशन. दर पिढीला नव्या धर्तीच्या कड्या हव्या असतात. तिसरे कारण पैसा. १९२० आणि १९३० च्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेतील श्रीमंतांना राणी ॲनच्या काळातील अक्रोडाचे वेड लागले. त्यातच अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्याने १८३० पूर्वीच्या वस्तूंना जकात माफ ठेवली. म्हणजे वस्तूचे वय हाच पैसा झाला. माल थोडा, मागणी मोठी. मग मालात 'सुधारणा' होऊ लागल्या. हर्बर्ट सेसिन्स्की या जाणकाराने १९३१ मध्ये फर्निचरच्या बनावटगिरीवर एक आख्खे पुस्तकच लिहिले, यावरून धंदा किती बोकाळला होता याची कल्पना येईल.

पहिल्या दोन कारणांनी झालेले बदल हे वस्तूच्या आयुष्याचा भाग आहेत. तिसऱ्या कारणाने झालेले बदल लपवण्यासाठीच केलेले असतात. पारख करणाऱ्याला हे दोन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पाय आणि कड्या

समजा, आपल्यापुढे १७०० च्या सुमाराचे खणांचे बुटके कपाट ठेवले आहे. सर्वांत आधी ते आडवे करून तळ पाहावा. त्या काळी कपाटाला लेथवर फिरवून केलेले, चपट्या कांद्यासारखे गोल पाय असत. पायाच्या वरचा खुंटा तळफळीच्या भोकात बसवलेला असे. हे पाय ओलीने आणि किडीने लवकर जात. पुढे कोपऱ्यात बसणाऱ्या, कंसाच्या आकाराच्या पायांची पद्धत आली. त्यामुळे कितीतरी कपाटांचे गोल पाय काढून कंसाचे पाय बसवले गेले. कपाटाला कंसाचे पाय असतील आणि तळाच्या चारही कोपऱ्यांत जुनी गोल भोके दिसत असतील, तर पाय बदललेले आहेत हे उघड झाले. उलटही घडते. विसाव्या शतकात जुने दिसावे म्हणून कंसाचे पाय काढून नवे गोल पाय लावले गेले. गोल पाय मूळचे राहिलेले कपाट फार विरळा. म्हणून या कपाटाचे पाय बदललेले असणे ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नव्हे.

उंच पायांच्या स्टँडवर ठेवलेले कपाट असेल तर जास्तच सांभाळावे. ते बारीक, कातलेले पाय वजनाने मोडत. मग वरचे कपाट तेवढे उचलून त्याला बुटके पाय लावीत, किंवा पुढच्या काळात कोणी त्याच्यासाठी नवे स्टँड करून घेई.

आता खण बाहेर काढून त्याच्या पुढच्या फळीची आतली बाजू पाहावी. सतराव्या शतकाच्या अखेरीस थेंबासारखी लोंबती पितळी कडी असे. ती दुहेरी तारेने आत दुमडून बसवीत. त्यानंतर दोन पायांची, नटाने आवळलेली कडी आली. पुढे हंसाच्या मानेसारखी कडी आणि एकोणिसाव्या शतकात लाकडी गोल मूठ. प्रत्येक बदलाने नवी भोके पाडली. एकाच खणात तीन-चार पिढ्यांच्या कड्यांच्या खुणा सापडणे नेहमीचेच आहे.

मात्र एक हिशेब जुळला पाहिजे. आत जितकी जुनी भोके आहेत, तितकी बाहेर व्हिनिअरमध्येही बुजवलेली दिसली पाहिजेत. आतल्या लाकडात सहा भोके आणि बाहेरचे व्हिनिअर मात्र स्वच्छ, असे आढळले तर व्हिनिअर नंतर लावलेले आहे. एखादे साधे पाइनचे किंवा ओकचे कपाट घेऊन त्यावर अक्रोड चढवले, की किंमत कित्येक पटींनी वाढते. हा प्रकार पकडण्याची ही सर्वांत सोपी खूण.

किडा खोटे बोलत नाही

दुसरी खूण किड्याची. हा किडा अळीच्या रूपात दोन-चार वर्षे लाकडाच्या आत बोगदे करीत राहतो आणि भुंगेरा होऊन बाहेर पडतो, तेव्हा पृष्ठभागावर सुमारे दोन मिलिमीटरचे गोल भोक दिसते. म्हणजे बाहेर दिसायचे ते भोक, बोगदा नव्हे. एखाद्या फळीच्या कडेवर किंवा पायावर उघडा नागमोडी बोगदा दिसला, तर ते लाकूड पूर्वी दुसऱ्या कामात होते आणि नंतर कापले किंवा रंधले गेले आहे असे समजावे. खोटी भोके पाडणारेही असतात. ती सरळ आणि आखल्यासारखी पडतात. त्यांत बारीक तार घातली की ती थेट आत जाऊन थांबते. किड्याची वाट मात्र वळते.

खिळे आणि स्क्रूही काळ सांगतात. जुने खिळे लोहाराने ठोकून केलेले, डोके ओबडधोबड असे. टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर यंत्रावर होऊ लागले. त्यापूर्वीच्या स्क्रूचे टोक बोथट आणि डोक्यावरची खाच बहुधा मध्यापासून सरकलेली असते. फळीच्या मागे करवतीच्या गोलाकार खुणा दिसल्या, तर ती फळी गोल पात्याच्या यंत्रावर कापलेली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली किंवा नंतरची. राणी ॲनच्या काळच्या करवतीच्या खुणा सरळ रेघांच्या असतात. मात्र एक नवा स्क्रू दिसला म्हणून सगळी वस्तू खोटी ठरवू नये. तो दुरुस्तीचाही असू शकतो. एका पुराव्यावर निकाल देऊ नये, सगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात का ते पाहावे.

खणाभोवतीच्या पट्टीचेही तसेच. १७०० च्या आगेमागे सांगाड्यावर अर्धगोल पट्टी असे, मग दुहेरी अर्धगोल आली, मग खणालाच बाहेर झुकणारी कड आली आणि साधारण १७३० पासून खणाभोवती बारीक उभट पट्टी आली. एकाच कपाटात वरच्या भागाला एका काळची आणि खालच्या भागाला दुसऱ्या काळची पट्टी असेल, तर प्रश्न विचारलाच पाहिजे.

कापलेली कपाटे आणि लावलेली 'लग्ने'

आजच्या घरांत जागा कमी. म्हणून लहान कपाटाला मोठ्यापेक्षा जास्त भाव येतो. विशेषतः वरचा भाग घडी होणारे, तीस इंचांच्या आसपास रुंदीचे 'बॅचलर्स चेस्ट' फार महाग. साहजिकच मोठी कपाटे कापून लहान करण्याचा मोह झाला. असे काम ओळखायचे तर खणाचे कोपरे पाहावेत. एका बाजूचे डव्हटेल सांधे जुने, काळवंडलेले आणि दुसऱ्या बाजूचे ताजे, वेगळ्या हाताचे दिसतात. कुलूप खणाच्या मध्यापासून सरकलेले असते. कड्यांची जुनी भोके दोन्हीकडून सारख्या अंतरावर येत नाहीत. नव्याने कापलेल्या लाकडाला रंग देऊन जुने केलेले असते. पण तीनशे वर्षांच्या हवेने आलेला कोरडा राखी-तपकिरी रंग आणि डब्यातला रंग यांतला फरक कारागिराच्या नजरेतून सुटत नाही.

दोन भागांच्या उंच कपाटात आणखी एक प्रकार होतो. वरचा भाग एका कपाटाचा, खालचा दुसऱ्याचा. इंग्रज व्यापारी याला सरळ 'मॅरेज' म्हणतात. अशा वेळी कपाट भिंतीपासून ओढून मागची फळी पाहावी. दोन्ही भागांचे लाकूड, फळ्यांची मांडणी, खणांचे सांधे एकाच हाताचे असले पाहिजेत. मग वरचा भाग उचलून खालच्या भागाचा माथा पाहावा. व्हिनिअर महाग होते. जी जागा कायम झाकली जाणार, तिथे जुना कारागीर ते वाया घालवीत नसे. खालच्या भागाचा माथा सुंदर व्हिनिअरने मढवलेला असेल, तर तो मुळात स्वतंत्र कपाट होता आणि त्याच्या डोक्यावर दुसरे कोणी आणून बसवले आहे. त्याच कारणाने, डोळ्यांच्या पातळीपेक्षा उंच असलेल्या कपाटाचा माथा साधा असणे हे चांगले लक्षण समजावे.

उभ्या घड्याळांचेही असेच. पेटी एकाची, यंत्र दुसऱ्याचे. बुटक्या छताच्या घरात घड्याळ मावावे म्हणून त्याचा वरचा मुकुट कापलेला, आणि ओलीने कुजलेला तळ नवा केलेला.

खुर्च्यांची युक्ती वेगळी. सहा खुर्च्यांच्या संचापेक्षा आठ किंवा बारांच्या संचाला फार जास्त भाव मिळतो. म्हणून जुन्या खुर्च्या सोडवून एकेक जुना भाग प्रत्येक खुर्चीत घालायचा आणि बाकीचे नवे करून संच वाढवायचा. जुने कारागीर बैठकीच्या चौकटीवर आणि खाली रोमन आकडे कोरीत. आकडे जुळतात का ते पाहावे. साध्या वाकड्या पायाच्या गुडघ्यावर नंतर नक्षी कोरून किंमत वाढवण्याचाही प्रघात होता. मूळची नक्षी पायाच्या आकाराबाहेर उठून दिसते, कारण तिच्यासाठी सुरुवातीलाच लाकूड जास्त ठेवलेले असते. नंतर कोरलेली नक्षी आकाराच्या आत खोल जाते आणि गुडघा चपटा वाटतो.

पॉलिश आणि आपली लाख

आता जी गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे तिच्याकडे येऊ. आपल्या कारागिरांचा चपडा, म्हणजे पळस, बोर आणि कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचा किडा जो राळेसारखा थर करतो त्यापासून केलेले पत्रे, सतराव्या शतकातच जहाजांतून लंडनला पोहोचला होता. १६८८ मध्ये इंग्लंडात स्टॉकर आणि पार्कर यांनी रोगणकामावर जे पुस्तक छापले, त्यात लाख स्पिरिटमध्ये विरघळवून रोगण कसे करावे हे सांगितले आहे. त्या काळच्या अक्रोडावर असे रोगण किंवा तेल-राळेचे रोगण आणि वर मधमाशीचे मेण घासलेले असे.

साधारण १८२० नंतर इंग्लंडमध्ये 'फ्रेंच पॉलिश' आले. तेही चपड्याचेच. कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवून आरशासारखी चकाकी आणायची. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लोकांना हीच चकाकी हवी होती. मग जुने अक्रोड घासून, जुने रोगण काढून त्याला नवी झळाळी देण्यात आली. या कामात जे गेले ते परत आले नाही. अक्रोड मुळात गडद तपकिरी असते. दोन-तीन शतकांच्या उजेडाने ते फिके पडून मधासारखे सोनेरी होते, हाताळण्याने कडा गुळगुळीत होतात, कोपऱ्यांत मेण आणि धूळ बसून काळे होते. हा रंग डब्यात मिळत नाही. तो घासून काढला की खालून ताजे लाकूड दिसते आणि जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवते. पाय बदलल्याने कपाटाचे जितके नुकसान होते, त्यापेक्षा जास्त नुकसान एका दिवसाच्या पॉलिशपेपरने होऊ शकते. आमच्या पॉलिशवाल्या बांधवांनी हे वाक्य विसरू नये.

सरसाची गोष्टही तशीच. जुने व्हिनिअर जनावरांच्या कातडी-हाडांच्या सरसाने लावलेले असते. ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो, काम दुरुस्त करता येते आणि पुन्हा लावता येते. आजचा सिंथेटिक गोंद मजबूत खरा, पण पुढच्या कारागिराला तो सोडवता येत नाही. सोडवायला गेले की लाकूड फाटते. म्हणून चांगल्या दुरुस्तीचा नियम असा आहे की पुढच्या माणसाला काढता येईल असेच काम करावे.

जाणकारही चुकतात

लंडनमध्ये सेंट पॉल चर्चच्या आवारात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉक्सेड आणि वूस्टर यांचे 'पांढरा हंस' हे दुकान होते. त्यांच्या कपाटांत दुकानाची छापील चिठ्ठी चिकटवलेली सापडते. त्यांच्या काही कपाटांवर काळ्या-पिवळ्या छटांचे फार सुंदर व्हिनिअर आहे. कित्येक वर्षे सर्व पुस्तके आणि कॅटलॉग त्याला तुतीचे लाकूड म्हणत आले. पुढे ॲडम बोवेट या अभ्यासकाने दाखवून दिले, की ती तुती नव्हेच. मेपलच्या गाठीच्या लाकडाला तेजाब आणि काजळी लावून तो रंग आणलेला होता. म्हणजे त्या मूळ कारागिरानेच साध्या लाकडाला उंची रूप दिले होते. तुतीचे नाव मात्र नंतरच्या लोकांनी चिकटवले. कोणाचा फसवण्याचा हेतू नव्हता. एकाने लिहिले ते दुसऱ्याने उतरवले, एवढेच. ऐकीव माहितीवर माल विकणाऱ्याने यातून धडा घ्यावा.

कॅटलॉगची भाषा

अशा गोंधळातून बाजार चालावा म्हणून इंग्लंडमधील व्यापाऱ्यांनी काही शिस्त लावून घेतली. १९१८ मध्ये तेथील पुराणवस्तू व्यापाऱ्यांची संघटना स्थापन झाली. १९३४ पासून २००९ पर्यंत लंडनच्या ग्रोव्हनर हाऊस हॉटेलमध्ये पुराणवस्तूंची जत्रा भरत असे. तिथे जाणकारांची समिती मांडलेली वस्तू तपासे, आणि संशय आला तर वस्तू दालनातून हलवावी लागे.

लिलावघरांनीही ठरावीक शब्द ठेवले आहेत आणि प्रत्येक शब्दाला किंमत आहे. 'क्वीन ॲन' एवढेच लिहिले तर वस्तू त्या काळची. 'क्वीन ॲन स्टाईल' म्हटले तर फक्त धाटणी त्या काळची, वस्तू नंतरची. 'अँड लेटर' म्हणजे काही भाग नंतरचा. 'असोसिएटेड' म्हणजे दोन भाग मुळात एकमेकांचे नव्हेत. 'रिस्टोरेशन्स' म्हणजे दुरुस्त्या आहेत. वरवर वाचणाऱ्याला हे शब्द किरकोळ वाटतात, पण भाव त्यांवरच ठरतो. पाय किंवा कड्या बदलल्या असतील तर जाणकार गिऱ्हाईक ते समजून घेते. दोन कपाटांचे 'लग्न' असेल तर भाव बराच खाली येतो. सगळे व्हिनिअरच नवे असेल तर वस्तू शोभेपुरती उरते.

२००० नंतरच्या वर्षांत इंग्लंडमध्ये जुन्या तपकिरी फर्निचरचे भाव एकंदरीत बरेच घसरले. नव्या पिढीला हलके, मोकळे सामान आवडते. अशा पडत्या बाजारात साधारण माल पडून राहतो. ज्याचा रंग आणि घडण राखली गेली आहे आणि ज्याचा इतिहास सांगता येतो, त्या मालाला गिऱ्हाईक मिळते.

आपल्या दुकानासाठी

आपल्या कारागिरांना अक्रोड परके नाही. काश्मीरमध्ये ज्या अक्रोडावर कोरीव काम होते, ते झाड इंग्रजी अक्रोडाच्याच जातीचे. मुंबईच्या मटन स्ट्रीटवर जुना सागवानी आणि शिसवी माल विकणाऱ्यांनाही वर दिलेल्या बहुतेक परीक्षा लावता येतील : खण काढून पाहा, मागची फळी पाहा, भोकांचा हिशेब जुळवा. मात्र १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील पुराणवस्तू खाजगी व्यापाऱ्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक आले तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

कारागीर बांधवांना आमचे सांगणे असे. मोडका पाय नवा करणे, उडालेला पापुद्रा जुळवून बसवणे यात कमीपणा नाही आणि खोटेपणाही नाही. ही सन्मानाची कारागिरी आहे. तिच्यामुळेच तीनशे वर्षांपूर्वीची कपाटे आज उभी आहेत. काम करण्यापूर्वी फोटो काढून ठेवावा. काढलेली जुनी कडी, जुना खिळा फेकू नये, पिशवीत घालून त्याच खणात ठेवावा. आपल्या बिलावर काय केले ते लिहावे : 'चार पाय नवे, एक पट्टी नवी, पॉलिश नाही.' कोणी सांगितले, की नव्या फळीला किड्याची भोके पाडून दे, तर तो दुरुस्ती मागत नाही हे ओळखावे. त्या कामाची मजुरी एकदाच मिळते. माल पकडला गेला की व्यापारी कारागिराचे नाव पुढे करतो आणि मग हात कितीही चांगला असला तरी त्या हाताला काम मिळत नाही.

व्यापारी बांधवांनी "शंभर टक्के ओरिजिनल" हे वाक्य बोलायचे सोडून द्यावे. त्याऐवजी गिऱ्हाईकासमोर खण बाहेर काढावा, आतली भोके दाखवावीत आणि सांगावे, की सांगाडा जुना आहे, व्हिनिअर जुने आहे, कड्या दोनदा बदलल्या आहेत, पाय आमच्याकडे बसवले आहेत. हेच बिलावरही लिहून द्यावे. काही गिऱ्हाईके तेवढ्याने निघून जातील. जे थांबेल ते पुन्हा येईल, आणि उद्या तीच वस्तू विकायला काढली तर आपल्याकडेच घेऊन येईल. कपाटाचे पाय बदलले म्हणून कोणी बदनाम होत नाही. बदललेले पाय लपवले, की वस्तूबरोबर दुकानाचेही नाव जाते.